बेकरीवाल्याचा डोंगरातला जावई

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मावशी लग्नं जुळवायच्या. खोलीत समोरासमोर दोन बाकडी होती, एक मुलीकडच्यांचं, एक मुलाकडच्यांचं, आणि मावशींची खुर्ची बरोबर दारात. कुणी रागानं उठून निघालंच, तर त्याला आधी मावशींचे गुडघे बाजूला होण्याची वाट बघावी लागे. गुडघे दुखरे होते, सावकाश हलत, आणि तेवढ्या वेळात राग निम्मा उतरायचा. गावातली कितीतरी लग्नं निव्वळ त्या गुडघ्यांनी वाचवली होती.

धंद्याचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. दोन्हीकडून होकार येईपर्यंत नाव सांगायचं नाही. मुलाची उंची सांगायची, कामधंदा सांगायचा, आईचा स्वभाव तर आधी सांगायचा. नाव मात्र नाही. नाव कळलं की लोक चौकशीला सुटतात, आणि चौकशीत कुठला तरी चुलत चुलता सापडतोच, ज्यानं यांच्या आजोबांची छत्री नेली आणि परत दिली नाही.

दुसरा नियम कुणालाच ठाऊक नव्हता. तो मावशींना त्यांच्या सासूनं मरताना कानात सांगितला होता. एखाद्या घराच्या पोटात काय आहे ते सरळ विचारून कधी कळत नाही. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते बघून माणसं उत्तर देतात. म्हणून आधी एक खोटं स्थळ न्यायचं. नसलेलं. चांगल्या घरचा, नमाजी, कमावता, उंचीला दरवाजाच्या कडीएवढा, आणि मग एक ‘पण’. हवं ते ‘पण’मध्ये घालायचं. पण आई कडक आहे. पण एका कानानं कमी ऐकतो. आणि मग तोंडाकडे न बघता चहाच्या ट्रेकडे बघायचं. ट्रे पुढे आला की घराला चालतंय. ट्रे आत गेला की चालत नाही. घरातला माणूस काहीही बोलो, ट्रे खोटं बोलत नाही.

गावाच्या पाठीमागे डोंगर होता आणि डोंगरात बंदुका घेतलेली पोरं होती. त्यांच्या संघटनेचं म्हणणं सरळ होतं: शरियतचं राज्य यायचं तर ते बंदुकीनंच येईल, मतपेटीनं नाही. गावातल्या लोकांचं म्हणणं मात्र हवेप्रमाणे फिरायचं, आणि ती हवा मोजायला मावशींकडे तो नसलेला मुलगा होता. ‘पण मुलगा डोंगरात आहे,’ एवढं म्हणायचं आणि ट्रेकडे बघायचं.

मशिदीकडच्या पक्षानं रीतसर मतं मागून नगरपालिका जिंकली आणि म्हातारे हेडमास्तर नगराध्यक्ष झाले, तेव्हा या मुलाला कुठंही चहा मिळाला नाही. बेकरीवाल्याच्या बायकोनं तर कप धुवायलाच नेले. गटारं साफ होत होती, नळाला पाणी येत होतं, नगराध्यक्ष शाळेतल्यासारखेच लोकांचे कान पिळत होते. धर्माचं म्हणायचं तर नगरपालिकेतच धर्माची माणसं बसली होती. मग डोंगरातल्या जावयाची गरज कुणाला?

नंतर राजधानीतल्या सरकारला नगरपालिकेचा निकाल खटकला. त्यांनी कचेरीला कुलूप ठोकलं, हेडमास्तरांना घरच्या सपातांवरच गाडीत घालून नेलं, आणि पुलावर चौकी बसवली. चौकीवर गावातल्या तरण्या पोरांना हात वर करून उन्हात उभं करायचे, आणि म्हाताऱ्यांना पिशव्या उपड्या करायला लावायचे. मावशी तेच स्थळ घेऊन त्याच घरांत पुन्हा गेल्या. तीच उंची, तीच आई, तोच ‘पण’. या वेळी ट्रे धावत आला. शिक्षकाच्या घरी आला, शिंप्याच्या घरी आला, अत्तरवाल्याच्या घरी तर बिस्किटांसकट आला. लोकांच्या तोंडातले शब्दही बदलले होते. पूर्वी ‘ते लोक’ म्हणत, आता ‘आपली पोरं’ म्हणायला लागले. मशिदीत तेवढीच माणसं येत होती, तेवढ्याच वेळा वाकत होती. ईमान होतं तिथंच होतं; फक्त कचेरीला कुलूप लागलं होतं.

सगळ्यांत जोरात हवा बेकरीवाल्याच्या अंगात शिरली. गडी मनानं वाईट नव्हता, पण गावाला उद्या जे वाटणार ते त्याला आजच वाटायचं, आणि तेही मोठ्यानं. मावशींचं ‘पण’ त्याच्या कानात शिरलं मात्र, त्यानं चहा, साखर, बायको, सगळं एकदम हाकारलं आणि मुलगी दिली म्हणून मोकळा झाला. मावशी म्हणाल्या, अजून पुष्कळ बघायचंय, मुलगा खाली येऊ शकत नाही, नावसुद्धा सांगता येत नाही. बेकरीवाल्याला तेच तर आवडलं. नाव सांगता येत नाही असा जावई गावात दुसऱ्या कुणाला होता? जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर त्यानं दहा माणसांत जाहीर करून टाकलं.

आयुष्यात पहिल्यांदा मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. खोट्या स्थळाला आजवर कुणी खरा होकार दिलेला नव्हता. होकाराच्या आत मावशी नेहमी ‘तिकडून नकार आला’ असं सांगून मोकळ्या होत. त्या तशाच बेकरीकडे निघाल्या, काय असेल ते सांगून टाकायला. जिन्यात थोरली भेटली. बेकरीवाल्याची ही थोरली मुलगी, जिचं त्यानं ठरवून टाकलं होतं तीच, सकाळी गल्ल्यावर बसायची आणि दुपारी इस्पितळात परिचारिकेचं शिकायची. तिनं मावशींना जिन्यातच थांबवलं.

“मावशी, तो मुलगा नाहीच ना?” तिनं विचारलं.

मावशींनी कधी नव्हे ते खरं सांगितलं.

“मग राहू द्या त्याला,” पोरगी म्हणाली. “असलेल्यापेक्षा बरा आहे.”

तिचं गणित मावशींना तिथंच उमगलं. पोरीचा जीव पाणीखात्यातल्या फिटरवर होता. हा फिटर सायकलच्या दांड्याला हातभर पाना बांधून गावभर नळ दुरुस्त करत फिरायचा, आणि बेकरीसमोरचा नळ आठवड्यात जितक्या वेळा बिघडायचा तितका गावातला दुसरा कुठलाच नळ बिघडत नसे. पण फिटर सरकारी पगारावर होता. चौकी बसल्यापासून सरकारी पगाराचा माणूस म्हणजे चौकीचाच भाऊबंद, असा हिशोब झाला होता. त्याला बेकरीत पाव सगळ्यांच्या शेवटी मिळे, तोही खालचा करपलेला. त्याचं स्थळ तेव्हा नेलं असतं तर बेकरीवाल्यानं ते भट्टीतच घातलं असतं. डोंगरातल्या जावयाच्या आडोशाला मात्र पोरगी निवांत होती. कुणी दुसरं स्थळ आणत नव्हतं, शिकायला कुणी आडवं येत नव्हतं. हवा फिरेपर्यंत थांबायचं, एवढंच.

मावशी थांबल्या. आणि थांबता थांबता त्यांना एक मौज दिसायला लागली. तो मुलगा त्यांच्या हातातून निघून गावाच्या हातात गेला होता आणि तिथं चांगला पोसला जात होता. शिंप्यानं त्याला पाहिलं होतं. अत्तरवाल्याच्या मेहुण्यानं त्याच्याबरोबर एका ताटात खाल्लं होतं. पुलावरच्या चौकीवर एकदा संध्याकाळी गोळीबार झाला, तर त्यानं एकट्यानं चौकी कशी रोखून धरली होती हे बेकरीच्या रांगेत तीन तऱ्हांनी सांगितलं गेलं, आणि बेकरीवाल्यानं तिन्ही वेळा मान खाली घालून, जणू आपणच गोळ्या भरून देत होतो, असं ऐकून घेतलं. उंची तेवढी वाढत चालली होती. कडीएवढा मुलगा चौकटीच्या वर गेला होता.

त्रास एकट्या फिटरला होता. थोरलीनं त्याला सगळं सांगितलं होतं. मुलगा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो एकदा नळाचा वॉशर बदलण्याच्या निमित्तानं मावशींकडे आला आणि खाली बघत त्यानं विचारलं की, तो नेमका किती उंच सांगितलाय. मावशींनी त्याला खोलीतून हाकललं. नसलेल्या माणसाचा हेवा करणाऱ्या माणसाला संसारात पुढे फार जड जातं, असं त्या म्हणाल्या.

मग हवा फिरली. राजधानीत भांडणं झाली, मंत्री बदलले, आणि नव्यांना गाव शांत हवं होतं. एका सकाळी पुलावरची चौकी गाड्यांत भरून गेली. कचेरीचं कुलूप निघालं. हेडमास्तर परत आले, थोडे वाळलेले, आणि बाजारातून घरी जाताना त्यांनी वाटेत तीन जणांचे कान पिळले, तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नगरपालिकेच्या निवडणुका जाहीर झाल्या. जो बंदूक ठेवून खाली येईल त्याला माफी, असंही जाहीर झालं.

डोंगराला हे मानवलं नाही. मतपेटी म्हणजे कुफ्र, धर्म नाकारणं, असं त्यांनी पत्रकात छापलं, आणि निवडणुकीची तयारी मोडायला पंपघराजवळचा मोठा पाइप उडवला. गाव कोरडं पडलं. फिटर आणि त्याचे सोबती दिवसभर चिखलात उभे राहून पाइप जोडत होते, आणि रिकाम्या बादल्यांच्या रांगेत ‘आपली पोरं’ पुन्हा ‘ते लोक’ झाली. आणि पाइप उडवला कुणी? रांगेचं एकमत होतं: बेकरीवाल्याच्या जावयानं. शिंप्यानं त्याला सुरुंग नेताना पाहिलं होतं. चिखलातून वर येऊन फिटरनं हे ऐकलं आणि तो इतका हसला की पाना पायावर पडला.

बेकरीवाल्याला मात्र हसू येत नव्हतं. त्याच्याकडे पाव घ्यायला येणारे आता पलीकडच्या गल्लीत जात होते. तो मावशींच्या बाकड्यावर येऊन बसला, मुलीकडच्या, आणि टोपी हातात फिरवत राहिला. मोडायचं म्हणाला, तर शब्द दिलेला, आणि तोही बंदूकवाल्याला. अशा माणसाला नकार कोण कळवणार? ठेवायचं म्हणाला, तर धंदा बसतोय आणि बायको बोलत नाही. मी तर पहिल्यापासून हेडमास्तरांचाच माणूस, असंही त्यानं मध्येच घालून बघितलं. मावशींनी त्यावर नुसते गुडघे चोळले. त्याला उठायला जागा न देता त्यांनी सांगितलं की, मार्ग निघेल, आणि मनात म्हणाल्या, आता दोन दिवसांत ‘तिकडून नकार आला’ म्हणून सांगितलं की झालं.

त्या दोन दिवसांच्या आतच, टळटळीत दुपारी, एक पाहुणा जिना चढून आला. मुलाचा काका आहे म्हणाला आणि मुलाकडच्या बाकड्यावर बसला. माणूस प्रौढ होता, पाय जरा ओढत होता, दाढी नुकती कातरलेली होती. मावशींची नजर त्याच्या बाह्यांवर गेली. शर्ट जुना, पण बाह्यांना कोपरापासून मनगटापर्यंत सरळ रेघ. इस्त्री नसताना ओल्या हातानं घडी घालून, उशाखाली ठेवून आणलेली रेघ. मावशींनी जरा आठवलं आणि त्यांना माणूस सापडला.

“मागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान होतं तुमचं,” त्या म्हणाल्या. “माझी ओढणी जाळली होती तुम्ही. वर म्हणालात, आधीपासूनच तशी होती.”

पाहुणा जरा चुळबुळला. कचेरीला कुलूप लागलं त्या साली चौकीवर त्याच्या दुकानाच्या गाठोड्यातले लोकांचे धुतलेले कपडे शिपायांनी रस्त्यावर पसरून बुटांनी तुडवले होते, आणि तो तिथूनच डोंगराकडे चालू लागला होता. आता तो तिथल्या तुकड्यांचा कारभार पाहत होता. ओढणीबद्दल त्यानं काही कबूल केलं नाही. त्यानं कामाचं सांगितलं.

संघटनेला त्या मुलाचा अभिमान होता. चौकी रोखून धरल्याबद्दल त्याला भर मेळाव्यात शाबासकी दिली गेली होती. अलीकडे गावाची मर्जी जरा पातळ झालीय, हे त्यांच्याही कानावर होतं. म्हणून ठरलं होतं की लग्न मतदानाच्या आधीच उरकायचं, थाटात, बाजारातून वरात काढून. गावाची मुलगी डोंगरात येतेय हे लोकांनी डोळ्यांनी बघावं. अडचण एकच होती. मुलगा नक्की कुठल्या तुकडीत आहे ते समजत नव्हतं. सगळ्या तुकड्या तो आपलाच म्हणत होत्या.

“आणि नाहीच सापडला तर?” मावशींनी विचारलं.

“तर दुसरा देऊ,” पाहुणा म्हणाला. “शब्द संघटनेच्या नावावर आहे. माणूस कुठलाही चालेल.”

इतका वेळ हा खेळ होता. आता त्यातून खरीखुरी पोरगी जाणार होती, कुणा अनोळखी बंदूकवाल्याच्या मागे, बाजारातून, वाजतगाजत. मावशींनी उद्या दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि पाहुणा गेल्यावर गुडघ्यांची पर्वा न करता इस्पितळ गाठलं.

थोरली पट्ट्या गुंडाळत होती. मावशींनी तिच्या शेजारी बसून, हात चालवत, सगळा जमाखर्च मांडला. मुलगा माफी घेऊन उतरला म्हणावं, तर डोंगर म्हणेल, फितूर आमच्या हवाली करा. पळून गेला म्हणावं, तर डोंगर दुसरा द्यायला बसलाच आहे. राहता राहिलं एक. कुठल्या तरी चकमकीत तो गेला असं सांगायचं. खर्च कमी, आणि मेलेल्याला कुणी हजर करा म्हणत नाही.

पोरीनं मान हलवली.

“मारू नका, मावशी. आत्ता तो नाहीये तर एवढा आहे. मेला तर कधीच जाणार नाही.”

मावशींनी डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि पोरीचं त्यांना पटलं. शहीद झाला की पहिलं काम, बेकरीत त्याच्या नावाची पाटी लागेल. पोरगी शहिदाची ठरवलेली बायको म्हणून जन्मभर पुजली जाईल. फिटर तिच्या दारातला नळसुद्धा दुरुस्त करू शकणार नाही. आणि उद्या कचेरीला पुन्हा कुलूप लागलं, तर त्याच पाटीखाली नवीन पोरं जमा होऊन डोंगराची वाट धरतील. नाव नसलेल्या माणसाचं हे ओझं फार होतं.

“मग करू काय?” मावशी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा प्रश्न बाहेर पडलेला त्या इस्पितळानं प्रथमच ऐकला.

“मला सांगितलं तसं त्यांनाही सांगा,” थोरली म्हणाली. “खरं.”

धंद्यात हा प्रकार मावशींनी एकदाच केला होता, जिन्यात. दुसऱ्यांदा करायचा म्हणून त्यांना रात्रभर झोप लागली नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणा बाकड्यावर बसला तेव्हा त्यांनी खुर्ची दाराला नीट टेकवली, गुडघे पसरले आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं. सासूनं कानात सांगितलेला नियम. ट्रे. ‘पण’. बेकरीवाल्याची घाई. काही राखून ठेवलं नाही.

पाहुण्याचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. तो ताडकन उठला. मावशींचे गुडघे आडवे होते. मावशींनी दुखतंय म्हणून सांगितलं आणि अगदी सावकाश, एकेक, हलवायला घेतले. पाहुणा उभा राहिला. पाय त्याचाही दुखत होता. शेवटी तो पुन्हा बसला.

“मी शाबासकी दिली होती त्याला,” तो म्हणाला. “मी स्वतः. मेळाव्यात.”

“पोचली,” मावशी म्हणाल्या.

त्याच्या दाढीत काहीतरी हललं. तो राग होता की दुसरं काही, हे मावशींना कळेना, म्हणून त्यांनी हातची संधी सोडली नाही.

“भाऊ, जरा ऐका. त्या मुलात मी काडीचा बदल केला नाही. तीच उंची, तीच आई. नगरपालिका चालू होती तेव्हा त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी. कुलूप लागलं तेव्हा बिस्किटं आली. कुलूप निघालं आणि तुम्ही पाइप उडवलात, तर आज त्याच्या नावानं बादल्या आपटतात. तुम्हाला वाटतं गाव तुमच्यावर भाळलं होतं. गाव त्या कुलपावर चिडलं होतं. तुमचा भाव तुमचा नव्हता, सरकारनं चढवलेला होता.”

पाहुणा कितीतरी वेळ आपल्या बाहीच्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. मग त्याला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग तो बाकड्यावर मागे रेलून, डोळे पुसत हसला. त्यानं सांगितलं की एका तुकडीच्या म्होरक्यानं तर त्या मुलाबरोबर आपण थंडीत एकच घोंगडी पांघरल्याचं कुराणावर हात ठेवून सांगितलं होतं. त्याला आता काय सांगायचं?

मावशींना तेच हवं होतं. काहीच सांगायचं नाही, त्या म्हणाल्या. हे वर कळलं तर डोंगराचं हसं, खाली कळलं तर माझा धंदा बुडाला. तेव्हा दोघांनी मिळून त्या मुलाचं भलं करू. त्याला लांब पाठवा. सरहद्दीपलीकडे, जिथून पत्र येत नाही. मोठ्या कामगिरीवर निघालाय, कधी परतेल सांगता येत नाही, म्हणून त्यानं उदार मनानं मुलीला शब्दातून मोकळं केलंय. संघटनेचा मान राहिला, बेकरीवाल्याचा जीव राहिला.

“आणि पोरगी?” पाहुण्यानं विचारलं.

“पोरीचं नळाकडे बघून ठरवू,” मावशी म्हणाल्या. त्याला ते कळलं नाही आणि त्यांनी समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बेकरीच्या रांगेत, एक लंगडणारा माणूस पाव घेऊन बेकरीवाल्याच्या कानाशी वाकला आणि दोन वाक्यं बोलून गेला. बेकरीवाल्यानं जे केलं ते बघायला रांग थांबून राहिली. आधी त्यानं डोळ्यांना फडकं लावलं, कारण रांगेत शिंपी होता आणि शिंप्याचं मन अजून पुरतं फिरलं नव्हतं. मग हेडमास्तर पाव घ्यायला आले, तेव्हा तेच फडकं खाली आलं आणि त्याखालून उजळलेला चेहरा निघाला. त्या दिवशी त्यानं प्रत्येकाला एक पाव जास्त दिला. कोणत्या आनंदात की कोणत्या दुःखात, ते ज्याचं त्यानं ठरवून घ्यावं.

मावशींनी पाणी गावात पूर्ण दाबानं यायला लागेपर्यंत धीर धरला, आणि मग बेकरीवाल्याच्या घरी गेल्या.

“एक स्थळ आहे,” त्या म्हणाल्या. “मुलगा नमाजी, आई गरीब स्वभावाची. पण सरकारी नोकरीत आहे.”

“‘पण’ कशाला म्हणता, मावशी?” बेकरीवाला दुखावल्यासारखा म्हणाला. “सरकारी नोकरीला ‘पण’ लावतात का कुणी?”

ट्रे बाहेर आला होता. नाव सांगितल्यावर बेकरीवाल्याला आधी करपलेले पाव आठवले असावेत, कारण तो थोडा वेळ भिंतीकडे बघत बसला. मग पाइप जोडणारा पोरगा तोच का, असं विचारून त्यानं स्वतःच स्वतःला हो म्हटलं, आणि मी त्याला पहिल्यापासून हेरून ठेवला होता, असं बायकोला सांगितलं. बायकोनं कप भरले. आतल्या दाराशी थोरली उभी होती; तिनं मावशींकडे बघून डोक्यावरची ओढणी नीट केली, एवढंच. त्या पोरीला धीर धरता येत होता, आणि त्यातून जमेला काय आलं ते आता तिच्यासमोर होतं. लग्नात फिटर नवीन कपड्यांत आला, आणि मावशींनी मुद्दाम त्याला दारात उभं करून मोजलं. कडीपेक्षा बोटभर कमी भरला. मावशींनी त्याला सांगितलं नाही.

मतदान झालं. हेडमास्तरांचा पक्ष पुन्हा आला, काही जागा गमावून, आणि गाव गटारांवरून भांडायला मोकळं झालं. डोंगरातून एकेक, दोनदोन माणसं खाली येत होती. ज्यांना यायचं नव्हतं ते वरच होते, आणि गावात अजून त्यांना भाकरी पोचवणारी घरं होती, पण ती आता मागच्या दारानं पोचवत. पुन्हा कुलूप लागलं तर पुढचं दार उघडायला कितीसा वेळ लागणार, हे मावशींना ठाऊक होतं. कचेरीवरून जाताना त्या दाराकडे एक नजर टाकत आणि ते सताड उघडं दिसलं की पुढे चालू लागत.

मागच्या गल्लीतलं इस्त्रीचं दुकान पुन्हा उघडलं. पहिल्याच दिवशी मावशींच्या खोलीवर एक नवी ओढणी आली, कडक इस्त्री केलेली. थोड्या वेळानं पाठोपाठ माणूसही आला, मुलाकडच्या बाकड्यावर बसला, आणि बराच वेळ कोळशाच्या भावाबद्दल बोलला. मावशींनी त्याला बोलू दिलं. शेवटी त्यानं, खाली बघत, विधुर माणसाचं तुमच्याकडे काही जमतं का, असं विचारलं.

बेकरीवाल्याची विधवा बहीण टोपल्या आणि चटया विकायची आणि भावापेक्षा तिला अक्कल होती. मावशी तिच्याकडे जाऊन बसल्या, आणि चटयांच्या ढिगावर हात ठेवून म्हणाल्या की एक स्थळ आहे. वयानं प्रौढ, इस्त्रीचा धंदा, हातात नीटपणा, पाय जरा ओढतो. पण डोंगरातून आलेला आहे. आणि सवयीनं त्यांनी ट्रेकडे नजर लावली. डोंगरातला खरा माणूस घेऊन असं बसायची त्यांची ही पहिलीच खेप होती.

बहिणीनं हातातली चटई खाली ठेवली.

“तिकडं असताना,” तिनं विचारलं, “आमच्या त्या जावयाची आणि यांची गाठ पडली होती का?”

“पडली म्हणजे?” मावशी म्हणाल्या. “यांनीच तर त्याला शाबासकी दिली.”

बहीण आत गेली. आतून कप मांडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ डब्याचं झाकण उघडल्याचा. बिस्किटं होती.